दुसऱ्या कार्डाची खूण

मुरुमच्या ट्रस्टच्या दवाखान्यात कॉम्प्युटरचं काही अडलं की लोक कॉम्प्युटरकडं न बघता शंभुलिंग अण्णांकडं बघायचे. तरुणपणी अण्णा बाजारात रेडिओ आणि पंखे दुरुस्त करायचे. दवाखान्यात पहिला कॉम्प्युटर आला तेव्हा सगळेच बिचकत होते. अण्णांनी पेचकस घेऊन तो रेडिओसारखा उघडून बघितला, आणि तिथंच कामाला राहिले.

"दिसभर त्या थंड खोलीत बसून करता तरी काय?" महेश्वरीनं एकदा नवऱ्याला जेवताना विचारलं होतं.

"सर्व्हर राखतो. सगळ्यांचे रिपोर्ट एका घरात ठेवल्यात समज. त्या घराला दोन नेटवर्क कार्डं, म्हणजे दोन दारं. पुढलं वॉर्डाकडं, मागलं नकला ठेवायच्या पेटीकडं. आणि डीएनएस म्हणजे पत्ता सांगणारा माणूस. सर्व्हर त्याच्याकडं आपणहून दोन्ही दारांचे पत्ते नोंदवतो. मग वॉर्डातल्या कुणाला तो पुढलं दार सांगतो, कुणाला मागलं. मागल्या दारी गेलेला ठोकत बसतो. उघडतंय कोण?"

"मग हो?"

"मागल्या कार्डापुढं एक टिक असती, पत्ता नोंदव म्हणून. ती काढायची."

"एवढंच?"

"एवढंच कळायला लई दिवस गेले बाई," असं म्हणून ते हसले होते.

एकदा दुरुस्तीनंतर ती टिक आपोआप परत आली आणि दवाखान्याचा खोळंबा झाला. तेव्हापासून अण्णांनी नेमच धरला. सकाळी खोलीत शिरायचं, पडद्यावर मागल्या कार्डाची खिडकी उघडायची, टिक नाही ना बघायचं, मग बाकीची कामं. घरी लिंगपूजा आणि तिथं ही खूण, दोन्ही चुकायचं नाही.

गेल्या श्रावणापासून अण्णा पूजेला दोनदा बसू लागले. आंघोळ, भस्म, पूजा सगळं व्हायचं, चहा व्हायचा आणि थोड्या वेळानं ते पुन्हा पाटावर जाऊन बसायचे. महेश्वरीला भरून आलं. म्हातारपणाकडं झुकताना माणसाचं मन देवाकडं वळतंय, याहून बाईला आणखी काय हवं? तिनं शेजारच्या गंगम्माला कौतुकानं सांगितलंही. गंगम्मा म्हणाली, "नशीबवान हैस. आमच्या घरी एकदा बसवायचं तर मला काठी घ्यावी लागती."

त्याच सुमारास दवाखान्यातलं काम अडखळू लागलं. एक दिवस रिपोर्ट झरझर उघडायचे, दुसऱ्या दिवशी कुठं उघडायचे, कुठं नाही. तिसऱ्या दिवशी पुन्हा सुरळीत. नर्स चेष्टा करायच्या, "अण्णा, तुमच्या सर्व्हरचा एक दिवसाआड उपास असतो का?" अण्णाही म्हणायचे, "नळाचं पाणी तरी रोज येतंय व्हय तुमच्या?" पण घरी आल्यावर त्यांचा जेवताना घास हातातच राहायचा.

एका दुपारी अण्णा आत झोपले होते. दीक्षा दारात येऊन उभी राहिली. पोरगी उमरग्याची, शिकलेली, अण्णांच्या हाताखाली लागून वर्ष झालेलं. महेश्वरीनं पाणी दिलं. पोरीनं तांब्या हातात घेतला, पण प्याली नाही.

"काकू, मी अजून कुणाला बोलले नाही. आधी तुम्हाला सांगावं म्हटलं." ती आतल्या दाराकडं बघत हळू आवाजात म्हणाली. "अण्णा रोज सकाळी त्या टिकवर दाबतात. ती असली तर निघती. पण काल काढलेली असली, तर आज दाबल्यावर परत येती. दाबतात आणि म्हणतात, काढली. त्यांना खरंच वाटतं, काढली. मी मागं उभं राहून बघितलंय."

"तू नीट करत जा की गं मागनं."

"करत होते. परवा त्यांनी बघितलं. म्हणाले, माझ्या सर्व्हरला हात लावायचा न्हाय." दीक्षानं तांब्या खाली ठेवला. "काल एका बाळंतिणीचा रक्ताचा रिपोर्ट उघडेना. मीच लॅबमधनं कागद घेऊन पळाले. बाई वाचली. पण उद्या कुणी पळायला नसलं तर?"

महेश्वरी खाली बसली. त्या दोन पूजा तिच्या डोळ्यांपुढं आल्या. तिनं त्याला भक्ती म्हटलं होतं. देवाला नारळही फोडला होता.

दुसऱ्या दिवशी ती अण्णांच्या बरोबर दवाखान्यात गेली. "आज बघायचंय तुमचं काम," एवढंच म्हणाली. अण्णा खूश झाले. खुर्ची पुसून तिला बसायला दिली. दीक्षा भिंतीला टेकून उभी होती. अण्णांनी खिडकी उघडली, टिकच्या चौकटीवर दाबलं.

"काढली बघ."

"आधी होती का हो?" महेश्वरीनं विचारलं.

अण्णांनी पडद्याकडं बघितलं. चौकटीत टिक होती. त्यांनी चष्मा काढला, सदऱ्यानं पुसला, पुन्हा घातला. टिक तिथंच होती.

"दीक्षा, किती दिवस झाले?"

"दोन-तीन दिवसच, अण्णा."

ती खोटं बोलतीय हे त्यांना कळलं. एवढी जाण अजून शाबूत होती. त्यांनीच ती टिक काढली आणि ते उठले.

"तू बस हितं," ते दीक्षाला म्हणाले. "मला बसू देऊ नको आता. मी ऐकायचो न्हाय, तरी देऊ नको." मग महेश्वरीकडं वळून त्यांनी विचारलं, "कुणाला त्रास तर झाला न्हाय ना?"

"न्हाय," ती म्हणाली.

पुढं सोलापूरला डॉक्टरांना दाखवलं. गोळ्या सुरू झाल्या. डॉक्टर म्हणाले, हे विसरणं थांबत नाही, सावकाश करता येतं.

पण काम दीक्षाला देऊन त्या खोलीतनं उठून आलो, हे अण्णांच्या ध्यानात राहिलं नाही. त्या दिवसाच्या दुसऱ्याच सकाळी ते इस्त्रीचा सदरा घालून दारात उभे, डबा मागत. महेश्वरीनं त्यांना बाजेवर बसवलं, हात धरला आणि सगळं पहिल्यापासून सांगितलं. त्यांचा चेहरा तसाच उतरला, जसा त्या खोलीत उतरला होता. त्यांनी विचारलं, "कुणाला त्रास तर झाला न्हाय ना?" ती न्हाय म्हणाली. त्यापुढच्या सकाळीही तेच. ज्या दुःखातनं माणूस एकदा जातो, त्यात तिला त्यांना रोज आपल्या हातानं ढकलावं लागत होतं. "डबा झाला न्हाय अजून, आज उशिरा जावा," असं म्हणून तिनं एक-दोनदा टाळून बघितलं. पण अण्णा चपला घालून निघाले, आणि तिला वेशीपर्यंत मागं पळावं लागलं.

मग एका सकाळी ते सदऱ्याची बटणं लावत बाहेर आले. तिच्यात सगळं सांगायची ताकद उरली नव्हती. ते विचारायच्या आधीच ती म्हणाली, "कुणाला त्रास झाला न्हाय हो."

अण्णांनी शेवटचं बटण लावलं.

"कशाचा?" ते म्हणाले.