माझ्यासमोर घेतलेली गोळी

लोह्यात माझे औषधांचे दुकान आहे. दादाची, म्हणजे माझ्या थोरल्या भावाची, फिटची गोळी कित्येक वर्षे एकाच जुन्या चिठ्ठीवर मीच देत आलो. घरचाच माणूस, नांदेडला डॉक्टरांना पुन्हा दाखवावे, रक्त तपासून घ्यावे, असे मला कधी वाटले नाही.

गेल्या उन्हाळ्यात त्याचा तोल जाऊ लागला. जीभ जड झाली. शेळ्यांमागे चालताना पाय वाकडेतिकडे पडत. पारावरचे लोक विचारत, "काय मालक, सकाळीच टाकून आलाव का?" दादाही हसे. मी मात्र ते खरे मानले. हा पितो आणि गोळ्या चुकवतो, असे ठरवून रोज सकाळी दुकानात येऊन माझ्यासमोर गोळी घेण्याची सक्ती त्याच्यावर केली.

"अरे, ही गोळी खाल्ली की लई गरगरतंय," तो म्हणाला.

"गोळीनं न्हाई, बाटलीनं गरगरतंय."

गिऱ्हाइके हसली. दादाने गोळी गिळली आणि मला खात्री पटावी म्हणून तोंड उघडून दाखवले.

पुढे त्याचे डोळे पिवळे झाले. वहिनींच्या आग्रहाने त्याला त्यांच्या माहेरी लातूरला नेले. सोनोग्राफीत यकृतात नारळाएवढी पाण्याची गाठ निघाली. शेळ्यांसोबतच्या कुत्र्यांच्या विष्ठेतून जंताची अंडी पोटात जातात आणि अशी गाठ वर्षानुवर्षे मुकाट वाढते, असे डॉक्टरांनी सांगितले. तिने पित्ताची वाट दाबली होती. थकलेल्या यकृताला फिटची गोळी पचवून बाहेर टाकणे जमत नव्हते. कालची रक्तात उरलेली असतानाच आजची तिच्यावर चढत होती.

"रोज घेत होते?" डॉक्टरांनी विचारले.

"एकही चुकू दिली नाही," मी म्हणालो. माझ्या आवाजात त्या क्षणीही थोडा अभिमान होता, हे मला आठवते.

गाठ काढली, गोळी बदलली. तोल मात्र परत आला नाही; साचलेल्या औषधाने मेंदूला झालेली इजा आता भरून येणार नाही, असे डॉक्टर म्हणाले. दादा भिंत धरून न्हाणीपर्यंत जातो. शेळ्या विकून टाकल्या.

एकदा त्याच्या पायाशी बसून मी म्हणालो, "दादा, तू सांगितलंस त्या दिवशी मी ऐकायला पाहिजे होतं."

बराच वेळ तो शब्द जुळवत राहिला. "त्या दिवशी न्हाई," तो म्हणाला, "मी तर रोज सांगत हुतो."

मला एकच सकाळ आठवते.