गुरुजींनी गाळलेल्या चाली

दारव्ह्याजवळच्या तांड्यावर राहणाऱ्या नेमसिंगची भजनांची फाटकी वही ढोले गुरुजींनी हौसेनं नव्या वहीत सुवाच्य उतरवून दिली. फक्त प्रत्येक भजनाच्या डोक्यावरची ‘चाल : हिरोईन झाडामागं लपते ते’ असली ओळ देवाच्या वहीत शोभत नाही म्हणून गाळली. जुनी वही रीतीप्रमाणे नदीत सोडली.

आणि भजनस्पर्धेत नेमसिंगचं मंडळ नवी वही उघडून मुकं बसलं! दिवसभर कापूस वेचून संध्याकाळी सिनेमाच्या चालींवर भजनं बसवणारा हा माणूस. दोनशे भजनं, दोनशे चाली. यातली या भजनाची कोणती?

“दोन मिनिटांत सुरू करा, नाहीतर मंडळ बाद,” पंच म्हणाले.

समोर बसलेल्या गुरुजींना त्या भजनावरची गाळलेली ओळ आठवली. शेवटी लाज गुंडाळून ठेवून ते मंडपाच्या खांबामागं लपले आणि मुरकत डोकावले.

“हां, तेच!” नेमसिंगची खंजिरीवर थाप पडली. अख्खा मंडप डोलू लागला.

नंतर चहा घेताना गुरुजींनी हळूच विचारलं, “पण नेमसिंगभाऊ, असल्या चालीचं देवाला काय वाटत असेल हो?”

“देवानं थो पिक्चर पाह्यलाच नाही ना, गुरुजी!”