राजेसाबची रेघ

राजेसाब बागवान आयुष्यात एकही सामना खेळले नाहीत, पण सोलापुरातल्या एका क्लबच्या लाल मातीवर चौतीस वर्षं त्यांच्याशिवाय टेनिसचा चेंडू उडाला नव्हता. पहाटे पाणी मारायचं, रोलर ओढायचा, सुतळी ताणून चुन्याच्या रेघा मारायच्या. मग जाळीच्या मध्याशी तीन फुटांची काठी उभी करायची. बोटभर फरक दिसला तरी जाळी खाली धरणारा मधला पट्टा पुन्हा आवळायचा.

मुलं जमली की ते सांगत, "हा खेळ आधी फ्रान्सात तळहातानं खेळायचे. रॅकेट मागनं आली. मग इंग्रजांनी तो हिरवळीवर नेला. आपल्याकडं हिरवळ कुटं टिकती? म्हणून ही माती."

"पण चाचा, पंधरा, तीस, चाळीसच का मोजायचं?"

"कुणी म्हणतं घड्याळाचा काटा. खरं कुणालाच ठाव न्हाय. तू आधी पंधरा तर कर की!"

एक नियम मात्र ते हसत सांगत नसत. चेंडू रेघेला नुसता शिवला तरी आत. आणि नक्की दिसलं नाही, तरीही आतच.

त्यांची मुलगी अनवरी हल्ली हे ऐकताना नजर चुकवायची. दिवाळीत डॉक्टरांनी राजेसाबना काचबिंदू सांगितला होता. गेलेली नजर परत येणार नव्हती. क्लबला कळलं तर काम सुटणार, म्हणून ती, तिची मुलगी झीनत आणि राजेसाब, तिघांनी ते घरातच दाबलं. पहाटे सुतळीचं दुसरं टोक अनवरी धरायची. "अब्बा, जरा डावीकडं."

जिल्हा स्पर्धेत चौदा वर्षांखालच्या मुलींचा अंतिम सामना झीनत आणि अकलूजच्या सुकन्याचा लागला. अशा सामन्यात खुर्चीवर पंच नसतो. आपल्या बाजूचा चेंडू आत की बाहेर, हे आपणच सांगायचं. शेवटच्या सेटमध्ये सुकन्याला जिंकायला एकच गुण हवा होता. तिचा फटका कोपऱ्यात पडला.

"आउट!" झीनतनं बोट वर केलं.

"कशाचा आउट? आत हाय की!" सुकन्याचे वडील उठले. "मातीवर खूण असंल. राजेसाबना बोलवा, त्यांचाच शब्द शेवटचा. ते नातीलाबी सोडायचे न्हाईत."

राजेसाब आले, वाकले. झीनतनं रॅकेटचं टोक खुणेपाशी धरलं. "नाना, ही बघा."

अनवरीनं कुंपणाची तार घट्ट धरली. नुसतं 'बाहेर' म्हणा, अब्बा. झीनत खोटं बोलत नाही, तुम्हाला ठाऊक आहे.

राजेसाबनी मान तिरकी करून पाहिली, आणखी खाली वाकले. मग म्हणाले, "मला दिसत न्हाय."

"चुना विस्कटलाय का?" क्लबचे सेक्रेटरी सिद्धलिंगप्पा पुढं आले.

"चुना बरा हाय. मला दिसत न्हाय. म्हंजे आत."

सामना संपला. सुकन्याच्या घरच्यांच्या टाळ्या विरल्यावर सिद्धलिंगप्पांनी हलक्या आवाजात विचारलं, "चाचा, कधीपासनं?"

"दिवाळीपासनं."

त्यांनी राजेसाबच्या खांद्यावर हात ठेवला. "उद्यापासनं विश्रांती घ्या."

कोर्ट रिकामं झाल्यावर अनवरी कोपऱ्यात गेली. रेघेच्या बाहेर, दोन बोटं मोकळी लाल माती सोडून, चेंडूची लांबट खूण स्वच्छ उमटली होती.

"पोरीचं बरोबर होतं का गं?" मागून राजेसाबनी विचारलं. त्यांच्या हातात झाडू होता.

अनवरीनं खुणेवर पाय ठेवला.

"न्हाय अब्बा. आतच होता."

त्यांनी सुस्कारा सोडला आणि झाडू मारायला सुरुवात केली. अनवरी वळली, तर झीनत बॅग खांद्याला लावून तिथंच उभी होती.