पिवळ्या विमानाची खोड

मुलांनो, हे मी तुमच्या आजोबांजवळही कधी बोलले नाही. माझा मामेभाऊ वसंता गेला तेव्हा तुम्ही दोघांनी इतक्या लांबून फोन केलात, मला धीर दिलात — आणि मी मध्येच फोन ठेवून दिला. दुःखाने, असं तुम्हाला वाटलं. दुःख होतंच. पण तेवढंच होतं का?

मी विमान उडवायचे, कसरतींची स्पर्धा जिंकले, हे तुम्हाला पाठ आहे. तुम्ही विचारायचात, "आजी, तुझं विमान भारी होतं का?" मी म्हणायचे, विमानाचं काही नसतं रे, हात लागतो. किती सहज म्हणायचे!

तेव्हाच्या चांद्यात, गावाबाहेर सागाच्या जंगलाला लागून मुरमाची धावपट्टी होती. क्लबची दोन जुनी विमानं — एक निळं, एक पिवळं. वसंता सिंदेवाहीचा; घरी धानाच्या बांद्या, म्हणजे भाताची खाचरं. आम्ही बरोबरच शिकलो. हात त्याचा चांगला होता — माझ्याहून चांगला. ती स्पर्धा जो जिंकेल त्याला क्लब शिक्षकाच्या प्रशिक्षणाला पाठवणार होता. त्याला ते हवं होतं. मलाही.

आमच्यात एक रीत होती. उतरणाऱ्याने पुढच्याला विमानाची खोड सांगायची, तिथेच, धावपट्टीवर. पिवळं नुकतंच दुरुस्त होऊन आलं होतं. स्पर्धेच्या सकाळी मीच ते पहिल्यांदा उडवलं. उजवीकडे गिरकी घेतली की उलटं होताच त्याचं नाक घसरायचं. डावीकडे घेतली तर काही नाही. सांगायला एक वाक्य पुरलं असतं.

वसंताने विचारलं, "ताई, कसं चालून राह्यलं वो? खोड-बिड हाय का काई?"

"काही नाही. जा बिनधास्त."

आणि स्पर्धेसाठी मी निळं मागून घेतलं. पिवळं त्याच्या वाट्याला आलं.

तो नेहमी उजवीकडेच गिरकी घ्यायचा — मला माहीत नव्हतं का? स्पर्धेत त्याने तशीच घेतली, आणि विमान उलटंच खाली येऊ लागलं, पार सागाच्या शेंड्यांपर्यंत. मी डोळे मिटले. तो वाचला तो स्वतःच्या हातामुळे. उतरल्यावर कोणीतरी ओरडलं, "वसंत्या, धानाच्या बांदीत उतरून राह्यला होता का बे?" सगळे हसले. तोही हसला. मग माझ्याजवळ येऊन हळूच म्हणाला, "विमानाले काऊन दोष देऊ, ताई? सकाळी तूच तं उडवलं. माह्या हातातच नाई ते."

तेव्हा तरी सांगायचं होतं. मी त्याच्या खांद्यावर हात ठेवला — समजूत घातली त्याची!

तो पुन्हा कधी विमानात बसला नाही.

बऱ्याच वर्षांनी त्याच्या घरी गेले होते. त्याची मुलगी मोटार शिकायचं म्हणत होती. तो हसून म्हणाला, "नको बाई. आपल्या घरच्याइच्या हाताले असलं काई जमत नाई. तुह्या आत्याची गोष्ट येगळी." पोरीने माझ्याकडे पाहिलं.

मी चहा पीत होते. पीतच राहिले.