पंचनाम्यातला ज्वारीचा डबा

ती घटना मला आजही आठवते, ती पंचनाम्यातल्या एका ओळीमुळे. तेव्हा भोकरकडच्या एका ठाण्याचा कारभार माझ्याकडे होता. जवळच्या गावात पंधरा बायकांनी देशी दारूच्या दुकानावर धडक मारून बाटल्या फोडल्या. दुकान परवान्याचं, त्यामुळे गुन्हा दाखल करणं भाग होतं.

खबऱ्या म्हणाला, "साहेब, अंगणवाडीच्या मदतनीस बाईनंच समद्यांना चिथावलं." मलाही ते पटलं. बायका आपण होऊन रस्त्यावर येत नाहीत, कुणीतरी फूस लावतंच, हा माझा जुना समज. मदतनीस रडली नाही. म्हणाली, "गुन्हा लागला तर नोकरी जाईल साहेब. दोन लेकरं हायत. म्या कुणालाच बोलावलं न्हाई."

महिला हवालदारासमोर एकेकीचा वेगळा जबाब घेतला. कुणी बोलावलं, या प्रश्नाला सगळ्यांचं उत्तर एकच. "शेजारीण निघाली, म्हून मी निघाले." कुणी निघालं तर आपणही जाऊ, असं त्या महिनाभर म्हणत होत्या. पहिलं पाऊल मात्र कुणी टाकत नव्हतं.

वैतागून मी पंचनामा पुन्हा वाचायला घेतला. फुटक्या बाटल्या, एक चप्पल आणि 'पत्र्याचा एक डबा, आत ज्वारी'. दारूचं दुकान फोडायला ज्वारी घेऊन कोण जातं?

डबा निघाला गल्लीच्या टोकाला राहणाऱ्या बाईचा. ती आधी हसली, मग बोलली.

"दळण घिऊन गिरणीला चालले व्हते साहेब, वाट दुकानावरनंच जाते. मागं बघितलं तं लई जणी! मला वाटलं, ह्या दुकानावर निघाल्या. त्यांला वाटलं, मी निघाले."

"मग परत का नाही फिरलात?"

"समद्या निघाल्यावर घरी जायची लाज वाटली. आन् खरं सांगते, भेव बी ऱ्हायलं न्हाई."

मदतनीस त्या रांगेत अकरावी होती. तिने दुकानात पाऊलही ठेवलं नव्हतं, हे दुकानातल्या नोकरानेही कबूल केलं. तिचं नाव वगळलं, बाकीच्यांवर दोषारोपपत्र गेलं.

नोकरीभर मी जमावात म्होरक्या शोधत आलो. इथे राग घरोघरी होता, फक्त उंबरा ओलांडायला पुढे कुणाची तरी पाठ दिसावी लागली. तो राग कशाचा, हे मी महिनाभर आधी विचारलं नाही, याची मला आजही खंत आहे.

कोर्टाच्या परवानगीने डबा परत देताना मी गमतीने म्हणालो, "आता सरळ गिरणीवरच जा."

तिने डबा कमरेवर घेतला. "जाते की. पन पुन्हा त्या दुकानावर जायचं झालं, तर डबा घरी ठिवून जाईन."