एक तास भिजवलेली टरफलं

हे मी कुणालाच सांगितलेलं नाही. नवऱ्याला नाही, आईला तर नाहीच. तुम्हाला सांगतेय — का, ते विचारू नका, मलाच नीट ठाऊक नाही.

नव्वदच्या दशकात मी सुरतेत एका प्रयोगशाळेत सहायक होते. आम्ही खानदेशी, वडील बमरोलीच्या मिलमध्ये कामाला. कापडाच्या खळीला चिंचोक्याचं पीठ लागतं आणि वरची तपकिरी टरफलं फुकट जातात. त्या टरफलांत तेल खवट होऊ न देणारी द्रव्यं असतात — ती काढायचं आमच्या सरांनी मनावर घेतलं होतं. टरफलं तासभर पाण्यात भिजवायची, विजेचे जोरदार झटके द्यायचे, मग अर्क काढायचा. झटक्याने पेशींना भोकं पडतात आणि आतला माल सहज बाहेर येतो, असं सर सांगत. तुलनेसाठी दुसरा वाटा बिनझटक्याचा.

आमच्या भागात आठवड्यातून एक दिवस वीज बंद असायची. मी धांदरट, तेच विसरले आणि झटक्याचा वाटा भिजत घातला. वीज गेली. भांडं झाकून मी घरी पळाले. दुसऱ्या दिवशी, रात्रभर भिजलेल्या त्याच वाट्याला झटके दिले. बिनझटक्याचा मात्र ताजा, तासभरच भिजवलेला. झटक्याचा अर्क काळाकुट्ट उतरला. सर हरखले. “दोन्ही एकच तास भिजवले ना?”

मी मान डोलावली.

खरं सांगायला कितीसा वेळ लागला असता? पण शोधनिबंध छापून आला, त्यावर माझं नाव. नोकरी कायम झाली. आता तोंड उघडायचं म्हणजे सरांना तोंडघशी पाडायचं — आणि स्वतःच्याच पोटावर पाय. रोज त्याच दारातून आत जायचे आणि तीच टरफलं भिजत घालायचे.

मग मंगला आली. भेस्तानची, आमच्यासारखीच खानदेशी, घरातली पहिली पदवीधर. पीएचडीसाठी तिला माझाच प्रयोग पुढे न्यायचा होता. दोन वर्षं ती टरफलं भिजवत राहिली — दोन्ही वाटे, घड्याळ लावून, एक तास. झटक्याने थोडा फरक पडे, पण छापलेल्या आकड्याच्या जवळपासही नाही. एकदा रडकुंडीला येऊन म्हणाली, “माले जमतच नही, ताई. मना हातमाच काही खोट शे का?”

मी काय म्हणाले? हात बसायला वेळ लागतो, म्हणाले. लाज वाटली, फार वाटली. पण लाजेने काय होतं — दुपारी डबा मी तिच्याचसोबत खाल्ला.

शेवटी सरांनी मला आत बोलावलं. या मुलीच्या कामावर भरवसा ठेवायचा की तिला थांबवायचं? दार बंद होतं, आम्ही दोघंच होतो. तेव्हा तरी बोलायला हवं होतं ना?

“सर, ती मोजमापात हलगर्जी आहे,” मी म्हणाले. तिची वही समोरच उघडी होती. त्यात एकही मोजमाप चुकलेलं नव्हतं.

तिचं नाव कमी झालं. सामान न्यायला आली तेव्हा तिने मला हळूच विचारलं, “ताई, तुम्हीन सरले मनाबद्दल चांगलंच सांगं ना?”

आमच्या घरच्या अहिराणीत मी म्हणाले, “हा, सांगं.”

तिने वाकून मला नमस्कार केला. मी करू दिला.