निरोगी मुलीची गोळी

मी संशयी आहे, असं माझा नवरा म्हणतो. मी त्याला डोळे उघडे ठेवणं म्हणते. दुकानात अंड्यांचा ट्रे घेतला तरी मी एकेक अंडं उचलून बघते, आणि कोणी घरी मिठाई पाठवली तर ती कशासाठी पाठवली याचा आधी छडा लावते. सौदीतल्या अल-खोबरसारख्या गावात, जिथे शेजारी दर दोन वर्षांनी बदलतात, तिथे एवढं तरी करावंच लागतं.

आमच्या समोरच्या फ्लॅटमध्ये चाड देशातलं एक कुटुंब राहतं. नवरा शाळेत अरबी शिकवतो, बायको घरीच असते, आणि त्यांची एक छोटी मुलगी, अजून शाळेत न जाणारी. त्या बाईची बोली अरबीच आणि माझं अरबी दुकानापुरतं, पण आमचं भागायचं. ऑगस्टमध्ये ती मंडळी सुट्टीहून परतली. तिकडे तेव्हा भर पावसाळा असतो. येताना तिने माझ्यासाठी पिशवीभर शेंगदाणे आणले. मी ते निवडले, भाजले आणि आधी नवऱ्याला खाऊ घातले. त्याला काही झालं नाही, तेव्हा मीही खाल्ले.

त्यानंतर थोड्याच दिवसांत इकाम्याच्या, म्हणजे इथल्या राहण्याच्या परवान्याच्या, कामासाठी त्या दोघांना सकाळीच बाहेर पडावं लागलं. उन्हातान्हात मुलीला कुठे फिरवणार, म्हणून तिला माझ्याकडे सोडलं. निघताना आईने कागदाच्या पुडीतली एक पिवळी गोळी माझ्या हातावर ठेवली. जेवण झालं की पाण्यात विरघळवून दे, म्हणाली.

"आजारी आहे का ती?"

"नाही, अलहम्दुलिल्लाह."

"मग औषध कशाला?"

"आजारी पडू नये म्हणून."

खालून तिच्या नवऱ्याचं "यल्ला, यल्ला" चाललं होतं. ती घाईघाईने जिना उतरून गेली आणि माझ्या मनात पाल चुकचुकली. आजार नाही तर औषध कसलं? आमच्या रत्नागिरीकडच्या मोहल्ल्यात पूर्वी बायका तान्ह्या मुलांना बाळगोळी द्यायच्या. अफूची बारीकशी गोळी. ती चाटवली की मूल निपचित झोपायचं आणि आई कामाला मोकळी व्हायची. माझ्या खालाच्या शेजारणीचं मूल असंच झोपलं ते उठलंच नाही, हे ऐकत मी लहानाची मोठी झाले. परक्या घरी मूल सोडायचं आणि जाता जाता गोळी हातावर ठेवायची, याचा मला दुसरा अर्थच लागेना. पोरीने मला त्रास देऊ नये म्हणून तिला झोपवायचा बेत असणार.

मी नवऱ्याला फोन केला. तो साइटवर होता, वैतागला.

"द्यायला सांगितलान ना तिने? मग दे. तू काय पोलीस आहेस?"

मी पुडी पर्समध्ये टाकली. मुलीची आई परत आली की तोंडावर विचारायचं ठरवलं.

दुपारी मुलगी खेळायची थांबली. माझ्याजवळ आली, ओढणीखाली शिरली आणि थंडी वाजते म्हणाली. मी एसी बंद केला. तरी तिचे दात वाजत होते. बाहेर डांबर मऊ पडेल असं ऊन आणि ही पोर कुडकुडत होती. अंगाला हात लावला तर तवा.

मी तिच्या आईला फोन लावला. ती म्हणाली, "गोळी दे, बरी होईल."

आता माझा संशय दुप्पट झाला. सकाळी ही गोळी निरोगी मुलीसाठी होती, मग दुपारी आजारी मुलीसाठी कशी झाली? आता तर मी ती मुळीच देणार नव्हते. शिवाय असली थंडी मी ओळखत होते. आमच्या गावात पावसाळ्यात मलेरियावाला घरोघर फिरायचा. घरात कोणाला ताप म्हटलं की आधी बोटाला सुई टोचून काचेवर रक्त घ्यायचा, बाकीच्या गप्पा नंतर. मी मुलीला चादरीत गुंडाळलं, तिच्या आईला तसं कळवलं आणि कोपऱ्यावरच्या दवाखान्यात नेलं.

तिथली नर्स केरळची. "किसका बच्चा है?" तिने विचारलं.

"पड़ोसी का."

"बच्चे का इकामा?"

तो माझ्याकडे कुठला! तिने मुलीच्या चेहऱ्याकडे बघितलं, मग माझ्या. ती नजर मी चांगली ओळखते, रोज मीच ती वापरते. माझा इकामा काढायला पर्स उघडली आणि पुडी टेबलावर पडली.

"ये क्या खिलाया बच्चे को?"

"कुछ नहीं खिलाया!"

"तो पर्स में क्यों है?"

मी काय सांगणार? की हिची आई हिला अफू देते असं मला वाटलं? मुलीला काही झालं तर माझ्यावर कोण विश्वास ठेवणार होतं? पण खरी भीती वेगळीच होती. खांद्यावरची ती पोर आता कण्हायचीही थांबली होती.

डॉक्टर सुदानचे होते. सध्या व्हायरलची साथ आहे, असं काहीतरी ते म्हणू लागले तेव्हा मी त्यांना मध्येच तोडलं. "आधी बोटातलं रक्त घ्या. मलेरिया बघा." तेवढ्यात त्यांचं लक्ष पिवळ्या गोळीकडे गेलं. मुलगी कुठून आली, त्यांनी विचारलं. मी चाड म्हणताच त्यांनी तिथल्या तिथे रक्त घेतलं.

आई धावत आली ती थेट माझ्यावर.

"गोळी दिलीस?"

"नाही."

तिने माझ्याकडे असं बघितलं की जणू तो ताप मीच आणला होता. पण डॉक्टर म्हणाले, नाही दिली तेच बरं केलं. ही गोळी मलेरिया होऊ नये म्हणून असते. एकदा ताप चढला की आधी तपासणी, मग आजाराचं वेगळं औषध. रक्तात मलेरिया निघाला होता.

मग त्यांनी तिला हळूच विचारलं, "तिकडे पावसाळ्यात लहान मुलांना दर महिन्याला ओळीने तीन दिवस औषध देतात ना? पहिल्या दिवशी आरोग्यसेविकेसमोर, मग दोन दिवस घरी. मग ही गोळी उरली कशी?"

तिने मुलीच्या अंगावरची चादर सारखी केली. मग म्हणाली, "शेवटच्या दिवसाची मी दिली नाही, राखून ठेवली. हे औषध इथे मिळत नाही. आणि इथले डॉक्टर आमच्यासारख्यांचं ऐकतील याचा काय भरवसा? एक जवळ असलेली बरी. आज तिला दिवसभर सोडून जायचं होतं, म्हणून काढली."

"ती दिली असती तर ताप आलाच नसता, असं मी सांगू शकत नाही," डॉक्टर म्हणाले. "पण ती तिथेच पोरीच्या पोटात जायला हवी होती."

मुलीला मोठ्या इस्पितळात हलवलं. मी आणि तिची आई बाहेरच्या बाकावर बसलो होतो, दोघींच्या मध्ये माझी पर्स. ताप उतरल्याचं कळलं तेव्हा ती माझ्या गळ्यात पडून रडली आणि मीही रडले.

काही आठवड्यांनी तिला पुन्हा कामासाठी बाहेर जायचं होतं. मुलीला घेऊन ती दारात आली. हातात भाताचा डबा होता. मी काही विचारायच्या आत तिने झाकण उघडलं, माझ्या डोळ्यांत बघत एक घास स्वतः खाल्ला आणि मग डबा माझ्या हातात दिला.

मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. तरी तो घास तिच्या घशाखाली उतरेपर्यंत मी बघत राहिले.